आज आठवीपुरती

सिहोऱ्याच्या आमच्या शाळेत आठवीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या अंगाला एक खाट टाकलेली असे. नवारीची, पायांना निळा ऑइलपेंट दिलेली. तपासणीला नवे साहेब आले की आधी त्या खाटेकडे बघत, मग हेडमास्तरांकडे बघत, आणि हेडमास्तर छताकडे बघत. तेवढ्यात खाटेवरून आवाज यायचा, "या साहेब, बसा. मुलं प्रकाशाचं परावर्तन शिकताहेत, त्यांनाच विचारा." साहेब विचारायचे, पोरं धडाधड सांगायची, आणि जाताना खाटेबद्दल विचारायचं साहेबांच्या लक्षातून जायचं. त्या खाटेवर आडव्या होऊन विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणजे आमच्या गभनेबाई.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तुमसरहून या शाळेत मराठी शिकवायला आले, तेव्हा खाट नव्हती. तेव्हाच्या गभनेबाई उभ्या असायच्या, आणि उभ्या नसल्या तर चालत असायच्या. उंच, हडकुळ्या, नाक जरा जास्तच पुढे आलेलं, चष्म्याला मागून काळा दोरा. माझी भाड्याची खोली त्यांच्या घराला लागून होती. शाळेत सोबत जाऊ म्हणून मी पहिल्या दिवशी निघाले आणि अर्ध्या वाटेत मला धाप लागली. त्या मागे वळून म्हणाल्या, "काहून शोभा, तुमच्या तुमसरात बसूनच चालते काय?" तेव्हापासून मी त्यांच्याआधी निघायची, आणि शाळेच्या फाटकाशी त्या मला गाठायच्याच.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. भाऊ नामदेव आणि भावजय लीला यांच्या घरात राहायच्या. तलावाखाली धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, होत्या, त्या नामदेव पाहायचा. वर्गात बाईंची भाषा पुस्तकातली, फाटकाबाहेर पाऊल पडलं की झाडीपट्टीची. विज्ञानाच्या पेपरात कुणी 'यावर उपाय नाही' असं लिहिलं की त्या लाल पेनानं मधे 'अजून' हा शब्द घालायच्या आणि अर्धा गुण कापायच्या. पोरांचे बाप भांडायला यायचे. बाई त्यांना बसवून देवीच्या रोगाची गोष्ट सांगायच्या, लस नव्हती तेव्हा काय व्हायचं आणि आता काय होतं ती. बाप जाताना कापलेला अर्धा गुण विसरून आपल्या दंडावरची लस टोचल्याची खूण चाचपत जायचे.

एका दिवाळीच्या सुट्टीत बाईंना ताप आला. त्या वर्षी गावात तो पुष्कळांना आला होता आणि बाकीचे सगळे उठून धान कापायला गेले. बाईंचा ताप उतरला, पण बाई काही पहिल्यासारख्या उठल्या नाहीत. रात्रभर झोपून सकाळी डोळे उघडले तरी झोप झालेली नसायची. केस विंचरायला हात वर केला की तो गळून खाली यायचा. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही. एकदा मला म्हणाल्या, "ते आन ना, ज्याच्यात पानी भरते ते," आणि हंडा हा शब्द आठवेना म्हणून स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही, भीती वाटली.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट ही की मधूनच एखादा दिवस छान जायचा. बाई उठायच्या, अंगण झाडायच्या, शाळेत चार तास घ्यायच्या. लोक म्हणायचे, झाल्या बऱ्या. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या अशा कोसळायच्या की पेला उचलवत नसे. रक्त तपासलं, चांगलं निघालं. छातीचा फोटो काढला, चांगला निघाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोग काही नाही, मन रमवा. गावानं आपापल्या मगदुराप्रमाणे निदान केलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं लग्न न केल्याचं हे फळ, आणि बहुतेकांनी पाठीमागे एकच शब्द वापरला, तो म्हणजे आळस. ज्या बाईच्या मागे चालताना अख्ख्या गावाला धाप लागायची, तिला आळशी म्हणताना लोकांना काही वाटत नव्हतं, याचा मला फार राग यायचा.

बाईंना राग यायचा नाही, किंवा आला तरी त्या तो खर्चत नसत. कुणी "कशा आहात बाई?" म्हटलं की त्या "बरी आहे" असं कधीच म्हणाल्या नाहीत. "आज आठवीपुरती हाय," असं सांगायच्या. कधी "आज दहावीपर्यंत जाईन वाटते," कधी "आज हजेरीपुरतीच." गावाला ती थट्टा वाटायची. पण ते मोजमाप होतं आणि बिनचूक होतं. आठवीपुरती म्हटलेल्या दिवशी नववीचा तास घ्यायला लावला, तर नववीच्या पोरांना बाईंना हात धरून घरी आणावं लागे.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्यात डॉक्टर निकम आले. साताऱ्याकडचे, नुकतेच शिकून बाहेर पडलेले, बोलणं एकदम ठणठणीत. या भागात धानाच्या मागून बांधीत लाखोरी पेरतात आणि तिची डाळ, तिचे वडे घरोघर होतात. ती फार खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे निकमांनी पुस्तकात वाचलेलं होतं. बाईंना खाटेवर बघितलं, पायांवर हातोडी मारली आणि दारातूनच जाहीर केलं, "लाखोरी. दुसरं काही नाही. आजपासून या घरात लाखोरी बंद."

त्या घरातच नव्हे, अर्ध्या सिहोऱ्यात बंद झाली. गभनेबाईसारखी बाई लाखोरीनं आडवी झाली म्हणजे आपलं काय, असं म्हणून लोकांनी डाळीची मडकी ढोरांपुढे रिती केली. त्या हंगामात कुणाच्या घरून वड्याचा वास आला नाही. दोनेक आठवड्यांनी निकम पाहायला आले, तेव्हा मी तिथेच होते. बाईंना काही फरक नव्हता. निकम विचारात पडले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही लाखोरी खात तरी किती होतात?"

"हे इचारलं तुमी आता," बाई म्हणाल्या. "मी खातच नाई. लहानपनापासून मले त्याचा वास जमत नाई."

निकमांचा चेहरा लाल झाला. "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगत होती ना. तोवर तुमी दारात पोचले होते. मंग म्हटलं, पाहू, हे डॉक्टर कधी इचारते."

लीलावहिनी आतून ओरडल्या, "तुमच्या परीक्षेपायी आमचे वडे गेले ना बाई." निकम आधी ओशाळले आणि मग असे हसले की खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. त्या दिवसापासून हा माणूस बदलला. रोग्याच्या खाटेशी खुर्ची ओढून तो आधी विचारायला लागला, आणि सगळ्यात जास्त बाईंना विचारायला लागला. त्या डॉक्टरला चांगला डॉक्टर करण्यात बाईंचा हात होता असं मला वाटतं, आणि निकम स्वतःही ते सगळ्यांना सांगत. गाव मात्र पुढे कितीतरी वर्षं बाईंच्या दुखण्याला लाखोरीचं दुखणंच म्हणत राहिलं.

आता दोघांनी मिळून औषध शोधायला सुरुवात केली. लोहाच्या गोळ्या झाल्या, ताकदीची इंजेक्शनं झाली, चिखल्याकडच्या जंगलातला एक वैद्य मुळ्या देऊन गेला. नियम बाईंचा होता, एका वेळी एकच. एकदा लीलावहिनी कुठूनसा ताईत घेऊन आल्या आणि बाईंच्या दंडाला बांधायला गेल्या. मला वाटलं, बाई आता विज्ञानावर भाषण देणार.

"बांध ना लीला," बाई म्हणाल्या. "पन हे सुयाचा कोर्स सरू दे. दोनी एकदम केलं आन मी बरी झाली, तं गुन कोनाचा म्हनशीन?"

"कोनाचाबी असो. तुमी बऱ्या व्हा म्हंजे झालं."

"माह्यावानी अजून कोनी असन ना कुठं. तिले काय सांगू मी? ताईत घे का सुई घे?"

लीलावहिनींनी ताईत देवळीत ठेवून दिला आणि सुया संपल्यावर नेमानं बांधला. बाईंनी तो महिनाभर वागवला. मग काढून वहिनींच्या हातात देत म्हणाल्या, "याचंबी उत्तर नाई आलं." लोहाच्या गोळ्यांबद्दलही त्या हेच आणि याच सुरात म्हणाल्या होत्या. त्यांना कुठल्याच उपायाची चेष्टा करायची नसे. उत्तर 'नाही' आलं की त्या निराश होत नसत. एक खोली शोधून झाली, आता पुढची उघडायची, असा त्यांचा हिशेब होता. औषध आहे, ते कुठेतरी आहे, आणि कुणीतरी ते शोधणार आहे, यावर त्यांचा उद्या सूर्य उगवणार आहे इतकाच साधा विश्वास होता.

आणीबाणी उठल्यावरच्या वर्षी नागपूरच्या एका डॉक्टरांनी नवं इंजेक्शन सुचवलं. निकमांनी ते मागवून स्वतः टोचलं. पहिल्या आठवड्यात काही नाही, दुसऱ्या आठवड्यात बाई सकाळी माझ्या दारात उभ्या. केस विंचरलेले, स्वतःच्या हातानं. "चाल, मंडईत जाऊ," म्हणाल्या. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडारीचं लोकनाट्य असतं, दुकानं लागतात, आल्यागेल्याला जेवण असतं. बाई त्या दिवशी दुपारभर हिंडल्या. जिलेबी खाल्ली, बांगड्या भरल्या आणि शाळेतल्या पोरींबरोबर रहाटपाळण्यातसुद्धा बसल्या. पाळणा वर गेला तेव्हा त्यांनी खाली मला हात केला. इतकं आनंदी मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

पाळण्यातल्या बाईंना आणखी एका माणसानं पाहिलं. बाबूरावजी, आमच्या संस्थेचे अध्यक्ष. गावातली राईस मिल त्यांची, तलावाखालच्या पुष्कळ बांध्या त्यांच्या, आणि शाळेची जमीनही त्यांच्याच वडलांनी दिलेली. तिसऱ्या दिवशी बाई कोसळल्या आणि पुढचा जवळजवळ महिना त्यांना उठता आलं नाही. बाबूरावजींच्या हिशेबात हे बसेना. "मंडईत पाळन्यात बसते," ते हेडमास्तरांना म्हणाले, "आन शाळेत याले ताकद नाई. पोरायचं नुकसान होऊन राहिलं. उन्हाळ्याच्या मिटिंगमंदी नवा मास्तर लावू."

बाईंना आधी इंजेक्शनाचं वाईट वाटलं. "चुकी माही हाय," त्या भिंतीकडे तोंड करून मला म्हणाल्या. "दवाई आन मंडई, दोनी एकदम केलं मी. आता जोर कायनं आला, कायनं गेला, कसं सांगू?" पुढे निकमांनी तेच इंजेक्शन पुन्हा दिलं, या वेळी मंडईशिवाय, आणि त्याचंही उत्तर 'नाही'च आलं. पण मिटिंगची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. शाळा गेली तर त्या घरात एक आजारी बाई म्हणून उरणार होत्या. औषधाची वाट त्या कितीही वर्षं पाहायला तयार होत्या, पण ती शिकवत शिकवत. नुसतं पडून वाट पाहणं त्यांना जमणारं नव्हतं.

त्यांनी बाबूरावजींना घरी बोलावलं. "बाबूरावजी, एक दिवस पुरा शाळेत येऊन बसा. मंग एक दिवस सोडून माह्या घरी या. दोनी दिवस आले, तं तुमी जे ठरवान ते मले मंजूर."

बाई काय करायला निघाल्या आहेत ते मला कळलं आणि मी नको म्हटलं. निकमही नको म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही.

ठरलेल्या दिवशी बाबूरावजी टोपी मांडीवर ठेवून शेवटच्या बाकावर बसले. बाईंनी सगळे तास घेतले, उभ्यानं. परीक्षानळ्या तापवल्या, फळा भरून आकृत्या काढल्या, दंगा करणाऱ्या पोराला तिथून खडू फेकून मारला आणि तो बरोबर लागला. बाबूरावजी इतके रमले की ऑक्सिजनच्या प्रयोगात विझती उदबत्ती पुन्हा पेटली तेव्हा त्यांनी पोरांबरोबर टाळ्या वाजवल्या. जाताना मला म्हणाले, "हे तं ठनठनीत हाय. कायले सोंग करते?" माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी वह्या गोळा करायला लागले.

एक दिवस सोडून ते आले. खोलीच्या खिडकीवर लीलावहिनींनी घोंगडी टाकली होती, कारण बाईंना उजेड सोसत नव्हता. वहिनी चमच्यानं पेज भरवत होत्या आणि बाईंना घोट गिळायचाही थकवा येत होता. बाबूरावजींची काठी फरशीवर वाजली तशी बाईंच्या कपाळाला आठी पडली. म्हाताऱ्यानं काठी उचलून काखेत धरली. बराच वेळ ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"हे परवाच्यानं झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दर खेपी असंच होते," लीलावहिनी म्हणाल्या. "तुमी आज पाह्यलं, एवढंच."

बाबूरावजी बाहेर छपरीत येऊन बसले. चहा आणला तो निवून गेला. मला वाटलं, झालं, आता तर हे नक्कीच म्हणणार की अशा बाईला शाळेत कसं ठेवायचं. पण तो माणूस जन्मभर तलावाच्या पाण्यावर धान पिकवत आलेला होता, आणि त्याला सुचलं ते तिथलंच.

"तलावात पानी कमी असलं तं आपन काय करतो?" ते नामदेवला म्हणाले. "एका दिवशी सारं सोडतो काय? बारी लावतो. थोडं सोडाचं, बंद कराचं. आन पहिले टोकाच्या बांधीले. मोरीजवळचा, पानी सुटते तिथचा, पहिले प्याला, तं टोकाच्याले थेंब नाई भेटत. बाईले बारी लावा. शाळेत झोपून शिकवते म्हनन कोनी, तं मले सांगा."

आणि खरंच बारी लागली. निळ्या पायांची खाट बाबूरावजींनी स्वतःच्या घरून पाठवली. सकाळी बाई दोनच तास घेणार, आडव्या होऊन. फळ्यावर लिहायचं काम आळीपाळीनं पोरांचं. आणि टोकाची बांधी आधी, म्हणजे आठवीतली जी मुलं मागे पडलेली ती पहिल्या तासाला बाईंकडे. हुशारांचं हेडमास्तर पाहतील. नियम मोडायचा नाही. छान वाटलं तरी तिसरा तास नाही. हे बाईंना सगळ्यात कठीण गेलं. बरं वाटायला लागलं की त्या गुपचूप नववीच्या दाराशी जायच्या, आणि रस्त्यावरून बाबूरावजींचा आवाज यायचा, "बाई, बारी सरली." ज्यांनी काढायचं ठरवलं होतं तेच आता पाटाचं पाणी राखावं तसे बाईंना राखायला लागले, आणि त्यात त्यांना आपला काही विरोधाभास दिसत नव्हता.

बाई बऱ्या झाल्या नाहीत. पण कोसळणं पुष्कळ कमी झालं. वर्षं गेली, आणि मागे पडलेली ती आठवीतली पोरं दहावी होऊन बाहेर पडायला लागली. निकमांनी हे आपल्या आणखी दोन-तीन रोग्यांना सांगून पाहिलं आणि त्यांनाही टिकाव धरता आला. "हे औषध नव्हे हं," ते बाईंना बजावायचे. बाई म्हणायच्या, "नाईच हाय. औषध निघेपर्यंत धान वाळू नाई द्याचं, एवढ्यापुरतं हाय."

पुढे निकमांची बदली झाली. मधल्या काळात माझं लग्न झालं होतं; ऐंशीनंतर माझ्या मिस्टरांचीही नागपूरला बदली झाली आणि मी सिहोरा सोडलं. सुट्टीत मात्र जात असे. अशाच एका सुट्टीत, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला, मी बाईंच्या खाटेशी बसलेले असताना दारात जीप थांबली आणि डॉक्टर निकम उतरले. केस पिकलेले, पोट सुटलेलं. आता ते नागपूरला होणाऱ्या डॉक्टरांना शिकवत होते. दारातूनच म्हणाले, "बाई, तुमच्या दुखण्याला परदेशात नाव मिळालं. असे पुष्कळ रोगी आहेत. तिकडे आता अभ्यास करतात त्याचा."

बाई उशीवरून उठून बसल्या. लाखोरी, आळस, नजर, सगळी नावं ऐकून झालेली बाई ती. मग म्हणाल्या, "बारसं झालं म्हना तं. आता पोरगं वाढन." आणि जरा थांबून, "दवाई?"

"अजून नाही."

"अजून म्हनले ना, मंग झालं," बाई म्हणाल्या आणि इतक्या मोकळ्या हसल्या की मला पाळण्यातल्या बाई दिसल्या.

निकम एक विनंती घेऊन आले होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी असा रोगी पाहिलेला नव्हता. तपासण्या चांगल्या आल्या की ते रोग्याला घरी पाठवून देत. बाईंनी एकदा येऊन त्यांच्याशी बोलावं, असं निकमांच्या मनात होतं. "पण प्रवासाचं तुम्हाला काय होईल ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "नाही म्हणालात तरी चालेल."

लीलावहिनी लगेच म्हणाल्या, "नाईच म्हना. नागपूर जाऊन याचं, म्हंजे दोन म्हयने खाटेवर."

"लीला, दवाई काय झाडाले लागते?" बाई म्हणाल्या. "कोनी तं शोधन तवा निघन. आन शोधनाऱ्याले दुखनं दिसलं पायजे का नाई?"

धानाची कापणी सुरू होती त्या दिवसांत निकमांची जीप बाईंना घेऊन नागपूरला आली, मागच्या सीटवर गादी घालून. सोबत लीलावहिनी होत्या. मी घरून परस्पर हॉलवर गेले. उतरत्या पायऱ्यांचा मोठा हॉल, पांढऱ्या कोटातली मुलंमुली, काही खिडकीत बसलेली. बाईंना खुर्चीवर बसवलं. सगळ्यांना वाटलं, आता एक थकलेली म्हातारी रडगाणं सांगणार. बाईंनी चष्म्याचा दोरा सारखा केला आणि पुढच्या बाकावरच्या एका धिप्पाड मुलाला उभं केलं.

"दोन्ही हात वर धर. केस विंचरताना धरतात तसे. मी सांगेपर्यंत खाली नाही."

आणि मग त्या सांगायला लागल्या. ताप, झोप, हंडा, मंडई, लाखोरी. लाखोरीपाशी निकमांनी तोंड लपवलं आणि हॉल हसला. बाई बोलत राहिल्या. धिप्पाड मुलाचे हात हळूहळू थरथरायला लागले, चेहरा लाल झाला, आणि हसणं आपोआप थांबलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"घे खाली," बाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला आता आराम पडेल. माझं उलटं आहे. मी आज तुमच्याशी बोलले, त्याचं दुखणं मला परवा येईल. मी परवा दवाखान्यात आले तर तुम्ही मला आजचं विचारणार नाही, आणि आज आले तर परवाचं तुम्हाला दिसणार नाही. म्हणून आधी खुर्ची ओढून बसा आणि विचारा. तपासणी नंतर."

एका मुलानं विचारलं, "यावर औषध निघेल असं तुम्हाला वाटतं?"

"निघेलच. मला मिळेल का, हा वेगळा प्रश्न आहे. दोन प्रश्नांची उत्तरं एकात मिसळायची नाहीत." मग सगळ्या हॉलवरून नजर फिरवून म्हणाल्या, "तुमच्यातलाच कोणीतरी काढेल. मी काही उगीच नाही आले इतक्या लांब."

टाळ्या पडल्या तेव्हा त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरलेला मी पाहिला. मी आणि लीलावहिनींनी त्यांना जीपपर्यंत जवळजवळ उचलूनच नेलं. मागच्या सीटवर आडव्या झाल्या, डोळ्यांवर पदर ओढून घेतला. ओठ पांढरे पडले होते.

ड्रायव्हर गाडी सुरू करत होता तेवढ्यात पांढऱ्या कोटातली एक मुलगी धावत आली आणि खिडकीशी वाकली. हॉलमध्ये ती एकदाही बोललेली नव्हती. "बाई, मी पवनीकडची," ती म्हणाली. "माह्या आईले असंच होते. तापानंतर झालं. एक दिवस चांगली राह्यते आन मंग उठत नाई. आमी तिले कामचुकार म्हनतो. मी पन म्हनलं."

लीलावहिनींनी तिला खुणेनं गप्प राहा म्हटलं. पण बाईंनी पदर न काढताच विचारलं, "आज काय करून राह्यली ते?"

"धान कापाले गेली असन."

बाईंचा आवाज जेमतेम खिडकीपर्यंत आला. "तं तू घरी जाय," त्या म्हणाल्या. "तिले म्हनाव, आई, बस. बाकीचं मंग शिकशीन."

मुलगी खिडकीपासून बाजूला झाली आणि जीप भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून बाईंचे नुसते पाय दिसत होते, उशीवर टेकवलेले, टाचांना भेगा पडलेले. त्यानंतर माझं सिहोऱ्याला जाणं झालं नाही आणि बाईंना मी पाहिलं ते हेच शेवटचं. जीप वळणाआड गेल्यावर मी मागे पाहिलं. त्या मुलीनं अंगातला पांढरा कोट काढून हातावर घेतला होता, आणि वसतिगृहाचा रस्ता सोडून ती एसटी स्टँडकडे निघाली होती.